आकाशांतील शब्दबोध

विमानाचा अपघात झाला आणि वैमानिक व भूमीवरील वाहतूक-नियंत्रक यांच्यांतील गैरसमज हें त्याचें कारण ठरलें, कीं एक ठराविक अभिप्राय ऐकूं येतो : कोणाचें तरी इंग्रजी कच्चें होतें. हा अभिप्राय सर्वस्वीं खोटा नव्हे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं चरखी दादरीजवळ आकाशांत दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसें गेलीं, तेव्हां कझाक वैमानिकांचें इंग्रजीचें अपुरें ज्ञान हेंही एक कारण म्हणून चौकशींत पुढें आलें होतें. परंतु तेवढ्यावर विचार थांबविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

वाक्यार्थ समजण्यास आकांक्षा, योग्यता आणि सन्निधि यांची जरुरी असते, असें आपल्या शास्त्रकारांनीं सांगितलें. वक्त्याचें तात्पर्य कळणेंही त्यांनीं आवश्यक मानिलें. ‘सैंधव आण’ हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण. जेवतांना सैंधव म्हणजे मीठ, प्रवासास निघतांना घोडा. घरचा गडी चुकला तर ताटाजवळ घोडा येऊन उभा राहील आणि हशा पिकेल. धावपट्टीवरील अशाच चुकीचें फळ मात्र फार निराळें असतें.

२७ मार्च १९७७ रोजीं कॅनरी बेटांतील टेनेरीफ येथें, लॉस रोदेओस विमानतळावर, दाट धुक्यांत दोन जंबो विमानें आदळून ५८३ माणसें मृत्युमुखीं पडलीं. केएलएम कंपनीचें डच विमान धावपट्टीच्या टोकाशीं उभें होतें. पॅन ॲम कंपनीचें अमेरिकन विमान त्याच पट्टीवरून त्याच्या रोखानें चालत येत होतें. डच वैमानिकांस उड्डाणानंतरच्या मार्गाची सूचना मिळाली होती, उड्डाणाची परवानगी नव्हे. ती सूचना परत वाचून दाखवितांना सहवैमानिकानें शेवटीं जें वाक्य जोडिलें, त्याचा शब्दशः अर्थ ‘आम्ही आतां टेक-ऑफपाशीं आहों’ असा होतो. नियंत्रक समजला, विमान जागेवर सज्ज आहे. वस्तुतः तें धावूं लागलें होतें. तेंच मीठ आणि तोच घोडा!

नियंत्रकाचें उत्तर ‘ओके’ या शब्दानें सुरू झालें, आणि क्षणभरानें ‘थांबा, मी बोलावीन’ असें पुढें आलें. पण त्याच वेळीं अमेरिकन वैमानिक आपण अजून पट्टीवर असल्याचें सांगूं लागले. दोन ध्वनि एकाच लहरीवर आदळले व डच विमानांत कर्कश शीळ तेवढी पोंचली. स्पष्ट ऐकूं आला तो ‘ओके’. शब्दांमागून शब्द अखंड येणें म्हणजे सन्निधि, तो तुटला. शास्त्रांतील आकांक्षा पदांची असते. येथें ऐकणाऱ्याच्या आकांक्षेनें तिची जागा घेतली. कामाच्या तासांची मर्यादा जवळ आल्यानें कप्तानास निघण्याची घाई होती. दुसरें विमान बाहेर पडलें नाहीं काय, ही इंजिनियराची शंका त्यानें निश्चयानें उडवून लाविली. या साऱ्या संभाषणांत शाळकरी मुलास अवघड वाटेल असा एकही इंग्रजी शब्द नाहीं.

दुसरें उदाहरण याच्या उलट जातीचें आहे. २५ जानेवारी १९९० रोजीं कोलंबियाहून न्यूयॉर्कास चाललेलें आव्हियांका कंपनीचें विमान इंधन संपून कोव्ह नेक येथें कोसळलें. १५८ पैकीं ७३ जण दगावले. त्यापूर्वीं त्यास एकंदर १ तास १७ मिनिटें आकाशांत घिरट्या घालीत ठेविलें होतें. आणीबाणी असल्याचें कळव, असें कप्तानानें सहवैमानिकास स्पॅनिशमध्यें बजाविलें. सहवैमानिकानें इंधन संपत असल्याचें सांगितलें, अग्रक्रमही मागितला होता. परंतु ‘इमर्जन्सी’ हा शब्द कांहीं उच्चारिला नाहीं. तात्पर्य शब्दांच्या पोटांतच राहिलें. काव्यांत जिला आपण प्राण मानितों, ती व्यंजनाच येथें प्राणघातक ठरली.

यावर उपाय झाले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देतांना किंवा ती रद्द करतांनाच वापरावा, एरवीं ‘डिपार्चर’ म्हणावें, असा दंडक पडला. २००८ पासून इंग्रजीच्या ज्ञानाची किमान पायरी आंतरराष्ट्रीय उड्डाणांस लागू झाली. हे उपाय चांगलेच आहेत. शब्दांचें दारिद्र्य अथवा द्व्यर्थ त्यांनीं दूर होईल. पण जें ऐकावयाची इच्छा आहे तेंच ऐकणें हा दोष कोणत्या परीक्षेंत पकडणार? सूचना परत वाचण्याची चाल टेनेरीफ येथेंही पाळली गेलीच होती. तिच्या अखेरीस आलेल्या संशयास्पद वाक्यास ‘ओके’ म्हटलें गेलें, हा घात. म्हणून कनिष्ठानें शंका स्पष्ट बोलावी आणि ज्येष्ठानें ती मानापमान न मानतां ऐकावी, हें जें शिक्षण वैमानिकांस पुढें मिळूं लागलें, तें आम्हांस व्याकरणाच्या कोणत्याही धड्याहून मोलाचें वाटतें. कप्तानानें त्या इंजिनियराच्या प्रश्नास एक मिनिट दिलें असतें, तर त्या मोडक्या वाक्याचाही अर्थ लागला असता.