घडीचे सौर पॅनेल : खोक्यावरचे वॅट आणि माचीवरचे वॅट

सुकापूर पनवेलच्या पूर्वेला, माथेरानच्या रस्त्यावर वसले आहे. आकाश निवळलेले असले की येथून प्रबळगडाचा लांबट माथा आणि त्याला खेटून असलेला कलावंतिणीचा सुळका दिसतो. या डोंगरांवर जाणाऱ्या मंडळींच्या पाठपिशव्यांवर हल्ली एक नवी वस्तू लटकताना दिसते. जाड कापडावर शिवलेली काळी, चकचकीत पाने, वहीसारखी उघडमीट करता येणारी. हे घडीचे सौर पॅनेल. त्याने मोबाइल, विजेरी, पॉवरबँक असे सारे डोंगरावरच भरून घेता येते, असा त्याचा लौकिक आहे.

मागच्या डिसेंबरात प्रबळमाचीवर दोन रात्रींचे निसर्ग-शिबिर घ्यायचे ठरले, तेव्हा आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून असे एक पॅनेल विकत घेतले. विज्ञानाचे शिक्षक असूनही खोक्यावरचा आकडा आम्ही जसाच्या तसा खरा मानला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका मुलाचा पाय मुरगळला. खाली निरोप धाडायचा तर दोन मोबाइलांपैकी एक बंद पडलेला आणि दुसऱ्यात सहा टक्के शिल्लक. निरोप पोहोचला आणि मुलगाही सुखरूप घरी गेला. पण दिवसभर उन्हात पसरलेल्या पॅनेलने केले तरी काय, हा प्रश्न काही मनातून जाईना. त्या प्रश्नातूनच हे परीक्षण लिहिले आहे.

पहिली तपासणी आम्ही मोजपट्टीने केली. ती खरे तर खरेदीच्या आधीच करायला हवी होती. खोक्यावर ‘६० वॅट’ असे छापले होते. पॅनेलला चार पाने. प्रत्येक पानावर सौरघटांनी व्यापलेला भाग २६ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद भरला. म्हणजे एका पानाचे क्षेत्रफळ ४१६ चौरस सेंटिमीटर आणि चारही पानांचे मिळून १,६६४ चौरस सेंटिमीटर, अर्थात सुमारे ०.१६६ चौरस मीटर. पॅनेलची क्षमता ठरवताना जगभर एकच परिस्थिती प्रमाण मानतात : दर चौरस मीटरवर १,००० वॅट ऊन आणि घटांचे तापमान २५ अंश सेल्सियस. या हिशेबाने आमच्या पॅनेलवर पडणारे सगळे ऊनच १६६ वॅटचे होते. त्यातून ६० वॅट वीज काढायची तर कार्यक्षमता ३६ टक्के हवी.

सिलिकॉनच्या साध्या, एकाच थराच्या सौरघटाची सैद्धांतिक कमाल मर्यादा सुमारे २९ टक्के आहे. याचा अर्थ, खोक्यावरचा आकडा नुसता फुगवलेला नव्हता. निसर्गनियमाप्रमाणे तो अशक्यच होता. घट उत्तम, म्हणजे २२ टक्क्यांचे धरले, तरी १६६ वॅटमधून ३७ वॅटच निघतील. हा दोष ओळखायला प्रयोगशाळा लागली नाही. सातवीतले क्षेत्रफळ आणि टक्केवारी एवढ्यावर भागले. म्हणूनच तो आधी न ओळखल्याची आम्हाला अधिक लाज वाटते.

आता हे ३७ वॅट माचीवर किती उरतात ते पाहू. ऊन खाऊन काळे पॅनेल तापते आणि तापलेला सिलिकॉनचा घट कमी वीज देतो. ही घट दर अंशामागे साधारण ०.४ टक्के असते. घट ५० अंशांवर गेले तर २५ अंशांच्या फरकाने दहा टक्के वीज गेली. उरले ३३ वॅट.

दुसरी गळती कोनाची. पनवेलचा अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला येथे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून फक्त ४७ ते ४८ अंश वर असतो. आम्ही पॅनेल कातळावर आडवे पसरले होते. तिरप्या उन्हात आडव्या पॅनेलला ४७.६ अंशांच्या साइनइतका, म्हणजे ०.७४ एवढाच वाटा मिळतो. उरले २४ वॅट. हेच पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून जमिनीशी ४२ अंशांचा कोन होईल असे दगडाला टेकवले असते, तर ही गळती टळली असती. तिसरी गळती पॅनेलच्या पाठीमागच्या छोट्या डब्यात होते. पॅनेलचा विद्युतदाब मोबाइलला चालेल असा करून देताना तेथे दहा-पंधरा टक्के वीज खर्ची पडते. अखेर हाती आले सुमारे २१ वॅट, तेही भर दुपारी आणि निरभ्र आकाश असताना. साठापासून निघालेला आकडा असा एकविसावर येऊन थांबला.

याहून मोठी चोरी सावली करते. पॅनेलमधले सौरघट सहसा एकसर जोडणीत असतात. एकसर जोडणीत सर्वांतून एकच प्रवाह वाहतो, म्हणून झाकला गेलेला एक घट सगळ्या साखळीचा प्रवाह अडवतो. पाइपाला एका जागी चिमटा काढावा तसा हा प्रकार. आमच्या पॅनेलवर दुपारनंतर एका झाडाची फांदीएवढी सावली सरकत आली होती. पाहणाऱ्याला पॅनेल उन्हातच होते, पण पॉवरबँकेत जवळजवळ काही जात नव्हते.

पाठपिशवीवर पॅनेल लटकवून चालणाऱ्यांचे चित्र जाहिरातीत हमखास असते. या चित्रावर आमचा विशेष आक्षेप आहे. सकाळी पूर्वेकडे चढत असलो तर सूर्य समोर आणि पॅनेल पाठीवर, म्हणजे वाहणाऱ्याच्याच सावलीत. वाट वळेल तसे पॅनेल वळणार, झाडीत शिरणार, सरळ उभे लोंबणार. चालताना मिळणारी वीज हिशेबात न धरणेच शहाणपणाचे.

दुसरा आक्षेप रचनेवर. पॅनेलच्या मागे पॉवरबँक ठेवण्यासाठी कप्पा शिवलेला आहे. सोय म्हणून ती आकर्षक वाटते, पण तापलेल्या पॅनेलची पाठ ही पॉवरबँकेसाठी सर्वांत वाईट जागा. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर भरू नये, असा सर्वमान्य दंडक आहे. त्याहून अधिक तापमानात तिचे आयुष्य घटते आणि धोकाही वाढतो. तारेची लांबी असेल तितक्या दूर, सावलीतल्या दगडाआड पॉवरबँक ठेवावी. मुलांच्या हाती हे साधन देणाऱ्या शिक्षकांनी एवढी गोष्ट विसरू नये.

ऋतूचाही विचार हवा. आपल्याकडे डोंगरांवर सर्वांत जास्त गर्दी होते ती पावसाळ्यात. पनवेलला शून्य सावलीचे दोन दिवस असतात, एक मेच्या मध्यात आणि दुसरा जुलैच्या अखेरीस. म्हणजे जुलैत सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि नेमके तेव्हाच आभाळ भरलेले असते. दाट ढगांखाली पॅनेल आपल्या क्षमतेच्या पाचव्या-दहाव्या हिश्शावर येते. पावसाळी सहलीत ते नुसते ओझेच ठरते.

मग हे पॅनेल टाकाऊ आहे काय? तसे मुळीच नाही. आक्षेप वापराच्या जागेबद्दल आहे. पुढील हिशेब पाहावा. पॉवरबँकेवर ‘२०,००० मिलिअँपिअर-तास’ असे लिहिलेले असते. आतल्या घटाचा विद्युतदाब ३.७ व्होल्ट धरला तर साठलेली ऊर्जा ७४ वॅट-तास होते. गळती वजा जाता एवढ्यात साधारण मोबाइल तीनदा भरतो. तिचे वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. घरच्या प्लगवर ती पूर्ण भरायला एका युनिटचा दहावा भागही लागत नाही. काटकसरीने वापरली तर दोन रात्रींच्या शिबिरात दोन मोबाइलांना ती पुरते. आमच्या पॅनेलचे वजन किलोभर, आणि त्याच्यासोबत वीज साठवायला पॉवरबँक न्यावी लागते ती वेगळीच.

उलट मुक्काम पाच-सहा दिवसांचा, तोही एकाच जागी असला, आकाश मोकळे असले आणि पॅनेलचा कोन व सावली पाहायला कोणी नेमलेले असले, तर आमच्यासारखे पॅनेल थंडीत दिवसाला शंभरेक वॅट-तास सहज देईल. एक किलो वजनाच्या पॉवरबँकांत १८५ वॅट-तास मावतात. म्हणजे दोन पुरे दिवस उलटले की पॅनेल वजनाच्या हिशेबात पुढे जाते आणि नंतर रोज पुढेच राहते. दोन रात्रींच्या शिबिरात मात्र असा पुरा दिवस एकच मिळतो.

हा धडा अवकाशयुगाइतकाच जुना आहे. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सुमारे सहा टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन सौरघट तयार झाला. चारच वर्षांनी, मार्च १९५८ मध्ये, व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह सौरघट घेऊन अवकाशात गेला. त्यावर दोन प्रेषक होते, एक बॅटरीवर चालणारा, दुसरा सौरघटांवर. बॅटरीवरचा प्रेषक त्याच वर्षी जूनमध्ये मुका झाला. सौरघटांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. थोड्या दिवसांच्या कामाला भरलेली बॅटरी आणि लांबच्या मुक्कामाला सौरघट, हा विवेक माचीवरही तितकाच लागू पडतो.

आमचे पॅनेल आता डोंगरावर जात नाही. ते शाळेच्या गच्चीवर असते, आणि तेथे मात्र त्याच्याइतका चांगला शिक्षक नाही. यूएसबीचा छोटा मापक जोडून मुले चार प्रयोग करतात. पहिला, पॅनेल आडवे आणि तिरपे ठेवून वॅट मोजणे. दुसरा, थंड पॅनेल आणि अर्धा तास तापलेले पॅनेल यांतला फरक पाहणे. तिसरा, चारपैकी एक पान पुठ्ठ्याने झाकणे. वीज सुमारे पाव हिश्शाने कमी झाली तर पाने समांतर जोडलेली आहेत, जवळजवळ सगळीच गेली तर एकसर. पॅनेल न उसवता आतली जोडणी अशी ओळखता येते. चौथा प्रयोग सर्वांत सोपा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा : मोजपट्टीने क्षेत्रफळ काढून खोक्यावरचा आकडा तपासणे.

मुलांनी खोक्यावरच्या ‘६०’ वर कागदाची पट्टी चिकटवली आहे. तीवर तारीख, वेळ, पॅनेलचा कोन आणि त्या वेळी मोजलेले वॅट लिहिलेले असतात. दर महिन्याला नवी नोंद होते. वाचकांच्या शाळेतही असे पॅनेल आले असेल, तर शिबिराची पाठपिशवी भरण्याआधी त्यांनी ते एकदा मोजून घ्यावे.