सांबा : माणूस एक, क्रमांक दोन

कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या अखेरीस लिहायला घेतलेली ‘सांबा’ ही आज्ञावली युनिक्स संगणकावरील फायली विंडोज वापरणाऱ्यांना खुल्या करते. तिच्या उपयुक्ततेविषयी दुमत नाही. आक्षेप आहे तो फाइलचा मालक ठरवण्याच्या तिच्या एका रीतीवर.

युनिक्स फाइलवर मालकाचे नाव लिहीत नाही, नुसता क्रमांक लिहितो. हा क्रमांक आपल्या हजेरीपटातल्या क्रमांकासारखा असतो. बारावा क्रमांक प्रत्येक वर्गात असतो. तो कोणाचा, हे त्या वर्गाचा पट उघडल्यावरच कळते. विंडोजचा ओळखक्रमांक म्हणजे शाळेच्या नावासकट जनरल रजिस्टरचा क्रमांक : आधी डोमेनची खूण, शेवटी व्यक्तीचा अनुक्रमांक.

आता या लांब ओळखीला आखूड क्रमांक कसा द्यायचा? पद्धत न सांगितल्यास सांबा ‘टीडीबी’ वापरते. जो आधी येईल त्याला पुढचा मोकळा क्रमांक द्यायचा आणि तशी नोंद त्याच संगणकातल्या वहीत करायची. संगणक एकच असेल तर हे चालून जाते. दोन झाले की एकाच शिक्षिकेला इथे १०००५ आणि तिथे १००१२ मिळू शकतो. मग इथल्या फायली क्रमांकांसकट तिथे उतरवल्या, तर त्यांची प्रश्नपत्रिका तिथल्या १०००५ ची, कदाचित एखाद्या विद्यार्थ्याची होते! आणि वहीच हरवली तर? जुन्या फायलींचे मालक शोधत बसा. सोयीपायी पत्करलेला हा धोका मला मान्य नाही.

‘आरआयडी’ पद्धतीत वहीचे काम बेरीज करते. सुरुवात १०००० धरली, तर ११०४ अनुक्रमांकाच्या व्यक्तीला सर्वत्र १११०४ मिळतो. अट एवढीच की प्रत्येक संगणकावर सुरुवात तीच हवी, आणि नंतर ती बदलायची नाही. विंडोजच्या अंगभूत गटांसाठी सहसा टीडीबीची वही ठेवावी लागतेच; पण तेवढे चालेल.

गटांचा पेच वेगळा आहे. विंडोजमध्ये गटही फाइलचा मालक होऊ शकतो, युनिक्समध्ये मालक म्हणून व्यक्तीच लागते. आरआयडी पद्धतीत सांबा त्या गटाचा क्रमांक व्यक्तीचाही आहे असे मानते. युक्ती थोडी ओढूनताणून केलेली वाटते खरी, परंतु विंडोजच्या हक्कांचा अर्थ तिच्यामुळे टिकतो.