अद्भुतकथेची उपशाखा आणि वीररसाचा आस्वाद : ‘हायरूल वॉरियर्स’ ह्या क्रीडामालेचा विचार

१

एखादी दीर्घ कथामाला लोकप्रिय झाली म्हणजे तिच्यातून उपशाखा फुटतात, हा वाङ्मयाच्या इतिहासातील जुना अनुभव आहे. महाभारतातून आख्यानकाव्ये निघाली आणि शिवकालाच्या मोठ्या इतिहासातून एकेका प्रसंगाचे पोवाडे निघाले. अग्निदासाने अफझलखानाच्या वधाचा प्रसंग घेतला, तुळशीदासाने सिंहगडचा. शाहिराने मागचापुढचा सारा इतिहास सांगावा अशी अपेक्षा कोणी केली नाही. तो श्रोत्यांच्या मनात आधीच होता. संगणकीय खेळांच्या क्षेत्रात हीच क्रिया आज डोळ्यांसमोर घडत असून तिचे एक ठळक उदाहरण म्हणजे ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ ह्या जपानी अद्भुतकथामालेतून निघालेले ‘हायरूल वॉरियर्स’ हे खेळ. ह्या खेळांत आनंद आहे, हे खेळणारे सांगतात. तो आनंद कोणत्या जातीचा आहे आणि समीक्षेने त्याला कितपत मान द्यावा, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

मूळ मालेतील पहिला खेळ १९८६ साली निन्टेन्डो ह्या संस्थेने प्रसिद्ध केला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे प्रमुख रचनाकार. बालपणी क्योतोनजीकच्या डोंगरांत आणि गुहांत भटकताना आलेला अनुभव मियामोतो ह्यांनी त्याच्या मुळाशी असल्याचे सांगितले आहे. त्या खेळाचा नकाशा १२८ चौकटींचा असून त्यांतील बरीचशी रहस्ये झुडपाआड, खडकाखाली दडवलेली आहेत. तलवार तेथे आहे. परंतु ती चालवण्यापेक्षा शोधण्यात खेळणाऱ्याचा अधिक वेळ जातो. १९९८ चा ‘ऑकारिना ऑफ टाइम’ आणि २०१७ चा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ ह्या दोन प्रमुख कृतींपर्यंत हा स्वभाव कायम राहिला.

‘हायरूल वॉरियर्स’ची दुसरी वंशरेषा अगदी निराळी आहे. चौदाव्या शतकातील लुओ ग्वानझोंगच्या नावावर असलेली तीन राज्यांची चिनी महाकादंबरी आधाराला घेऊन जपानमधील कोए संस्थेच्या ओमेगा फोर्स ह्या गटाने ‘डायनॅस्टी वॉरियर्स’ ही माला निर्माण केली. २००० सालापासून तिला आजचे रूप आले : एक वीर, एक रणभूमी आणि शेकडो, पुढे हजारो, शत्रू. जपानीत ह्या जातीला ‘मुसोउ’ म्हणजे अद्वितीय, ज्याला जोड नाही असा, हे नाव आहे. इंग्रजीत त्याच्या कापाकापीच्या प्रकृतीवरून त्याला ‘हॅक-अँड-स्लॅश’ म्हणतात. ऑगस्ट २०१४ मध्ये ह्या दोन वंशांचा संकर झाला. ओमेगा फोर्स आणि टीम निन्जा ह्यांनी रचलेला ‘हायरूल वॉरियर्स’ प्रथम जपानमध्ये प्रसिद्ध झाला आणि २०१८ मध्ये त्याची परिपूर्ण आवृत्ती २९ वीरांसह निघाली.

२

ह्या खेळावरील नेहमीचा आक्षेप असा की, त्यात एकच क्रिया सतत करावी लागते. हलका वार, हलका वार, भारी वार, पुन्हा तेच. समोरचे सैनिक बहुधा प्रतिकारही करीत नाहीत. पडद्याच्या कोपऱ्यातील आकडा शंभर, पाचशे, हजार असा चढत जातो. मूळ मालेतील शोधाचा विस्मय ज्याने चाखला आहे, त्याला हे अवमूल्यन वाटणे स्वाभाविक आहे.

आक्षेपाचा विचार रसव्यवस्थेच्या अंगाने केल्यास त्यातील सत्य आणि त्याची मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. अद्भुताचा स्थायिभाव विस्मय आणि वीराचा उत्साह. मूळ मालेत विस्मय प्रधान आणि उत्साह त्याचा अंगभूत आहे. उपशाखेत हे प्राधान्य उलटले आहे. भरताने वीरापासून अद्भुताची उत्पत्ती मानली असल्यामुळे हे उलटणे शास्त्राला परके नाही. अडचण निराळीच आहे. वीररसाला तोलामोलाचा प्रतिपक्ष लागतो. निमूटपणे पडणारे सैनिक उत्साहाचे आलंबन होऊ शकत नाहीत, आणि त्यांच्यावर क्रोध येण्याचेही कारण नसल्यामुळे रौद्रही संभवत नाही. मग हजार सैनिक पाडण्यात वाटणारा आनंद कशाचा?

ह्याचे पहिले उत्तर लयीत सापडते. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) ह्या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांवर सौंदर्याची उभारणी केली. त्या दृष्टीने पाहता साध्या सैनिकांची गर्दी ही ह्या खेळातील मात्रा आहे. वारांची परंपरा तिच्यावर चालते, आणि मध्येच सरदार किंवा राक्षस येऊन ती परंपरा मोडतो. डोडोंगो ह्या अजस्र प्राण्याच्या उघड्या जबड्यात बाँब टाकावा लागतो, गोह्माच्या डोळ्यावर बाण मारावा लागतो. अन्य सरदारांनी वार चुकवला की क्षणभरच त्यांचे दुर्बलस्थान उघडे पडते. येथे घाई करणारा हरतो. संवादलयीत आलेल्या ह्या विरोधामुळे पुढील संवादलय पुन्हा गोड लागते. ठेका नसेल तर समेला अर्थ नाही; म्हणून गर्दीची सोपी लढाई हा केवळ दोष मानता येत नाही.

दुसरे उत्तर वीररसाच्या विभावांत आहे. भरताने पराक्रम आणि शक्ती ह्यांच्याबरोबर असंमोह, अध्यवसाय आणि नय ह्यांचाही निर्देश केला आहे. ‘हायरूल वॉरियर्स’ची रणभूमी अनेक ठाण्यांत विभागलेली असते. उत्तरेचे ठाणे पडत आहे, एक सोबती पळण्याच्या बेतात आहे, मुख्य तळावर शत्रू चालून येत आहे, अशा सूचना एकाच वेळी येतात. कोणाला वाचवावे, कोणाला सोडावे, हातातील लढाई अर्धवट टाकून केव्हा निघावे, ह्या निर्णयांवर जय-पराजय ठरतो. तलवार सोपी असल्यामुळे मन ह्या निर्णयासाठी मोकळे राहते. खरा वीररस येथे आहे : मारण्यात नव्हे, तर कोलाहलात बुद्धी स्थिर ठेवण्यात.

तिसरे उत्तर स्मृतीचे आहे. पेटी उघडल्यावर वस्तू डोक्यावर धरण्याची लकब आणि तिच्याबरोबरची चिरपरिचित सुरावट उपशाखेत तशीच ठेवली आहे. ‘साहस’ ह्या विभागात तर १९८६ चा तोच जुना नकाशा पटाप्रमाणे पसरलेला असून प्रत्येक चौकटीत एक लढाई आहे. जुन्या खेळात ज्या ठिकाणी झुडूप जाळावे लागे, तेथे आता लढाईत मिळवलेली वस्तू वापरून रहस्य उघडावे लागते. विस्मय येथे प्रत्यक्ष नाही. तो आठवणीतून येतो. मूळ मालेशी अपरिचित असलेल्याला हा आनंद मिळणार नाही, ही उपशाखेची मर्यादा आहे आणि पोवाड्याचीही तीच आहे.

केळकरांच्या सविकल्प समाधीची कल्पना येथे उपयोगी पडते. वाचक पात्राशी तादात्म्य पावूनही स्वतःचे भान राखतो, असे त्यांचे म्हणणे. मूळ मालेत खेळणारा लिंक ह्या एकाच मूक वीराशी एकरूप होतो. उपशाखेत तो कधी राजकन्या झेल्डा, कधी इम्पा, तर कधी हायरूलवर चालून जाणारा खलनायक गॅननडॉर्फही होतो. तादात्म्य अशा रीतीने वाटले गेल्यामुळे ते उथळ होते, हे खरे. परंतु एकच जग अनेकांच्या अंगाने पाहण्याची संधीही मिळते. अगिथाची छत्री आणि दारुनियाचा हातोडा ह्यांच्या चाली हाताला निरनिराळ्या वाटतात, आणि व्यक्तिरेखा येथे बहुतांशी हाताच्या चालीतूनच कळते.

३

एवढ्याने प्रश्न संपत नाही. ह्या खेळातील गर्दीला चेहरा नाही, आणि चेहरा नसलेल्यांना पाडण्यात मिळणाऱ्या सुखाची परीक्षा करणे समीक्षेचे कर्तव्य आहे. मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरी परिसराला लागून असलेल्या कुर्ल्याचा विचार ह्या संदर्भात अप्रस्तुत ठरू नये. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची आगगाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून ह्याच कुर्ल्यापर्यंत धावली. मध्य मार्ग आणि हार्बर मार्ग येथे मिळतात. ह्या स्थानकातून रोज जाणाऱ्या विद्यार्थ्याला गर्दी आतून ठाऊक असते; ती त्याच्या दृष्टीने शत्रू नसून तो स्वतःच तिचा एक घटक असतो. अशा माणसाला सायंकाळी पडद्यावर गर्दी दुभंगून मोकळी वाट मिळते, तेव्हा त्याचे सुख द्वेषाचे नसते, मोकळ्या वाटेचे असते. पण ते ज्या रूपकातून येते त्या रूपकात बाकीचे सारे केवळ अडथळे असतात, हेही विसरता येत नाही. असंमोह हा गुण खेळाने आणि स्थानकाने सारखाच शिकवला, तरी स्थानकातील असंमोहात दुसऱ्याला वाट देणे येते. खेळात ते येत नाही.

खेळाला ह्याची अंधुक जाणीव असावी, असे मानण्यास एक गमतीदार आधार आहे. ह्या मालेत १९९१ पासून कोंबड्यांची एक परंपरा आहे. कोंबडीला उगाच मारीत राहिल्यास अखेरीस तिचा सारा थवा मारणाऱ्यावर तुटून पडतो. ती परंपरा उपशाखेनेही पाळली आहे. हजारो सैनिकांना लोळवणारा वीर येथे कोंबड्यांपुढे पळ काढतो. गर्दीने अडथळा राहण्याचे नाकारले तर अद्वितीयाचे काय होईल, ह्याचे उत्तर त्या विनोदात आहे. खेदाची गोष्ट एवढीच की, ते उत्तर विनोदापलीकडे नेलेले नाही.

पुनरावृत्तीबाबतही असाच भेद करणे आवश्यक आहे. ‘साहस’ विभागात एक शस्त्र मिळवण्यासाठी कित्येक चौकटी पुनःपुन्हा लढाव्या लागतात. साहित्य जमवावे, ते खर्चून वीर बळकट करावा, पुन्हा जमवावे. येथे लय संपून मजुरी सुरू होते. जमशेटजी टाटांनी १८८६ साली कुर्ल्याची धरमसी गिरणी विकत घेऊन तिला ‘स्वदेशी’ हे नाव दिले. पुढे ती बंद पडली. त्या गिरणीत काम करणाऱ्या पिढ्यांना पुनरावृत्तीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. परंतु त्यांच्याच घरांतून जात्यावरची ओवीही आली होती. जाते तेच, फेरा तोच, पण ओवी दर फेऱ्याला नवी. म्हणून श्रमाला लय लाभली. ‘हायरूल वॉरियर्स’ची उत्तम रणांगणे ओवीसारखी आहेत, त्याच्या नकाशाचा बराच भाग मात्र नुसते जाते आहे. हा भेद न करता साऱ्या खेळाला कंटाळवाणे ठरवणे किंवा साऱ्याची स्तुती करणे, दोन्ही चुकीचे होय.

४

नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘एज ऑफ कॅलॅमिटी’ने अधिक गंभीर प्रश्न उभा केला. ह्याचे कथानक ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’च्या शंभर वर्षे आधीचे. मूळ कृतीत खेळणारा उद्ध्वस्त राज्यातून हिंडतो. चार वीर मरून गेले आहेत, आणि त्यांची ओळख तुटक आठवणींतून होते. त्या कृतीतील शांत करुणरस ह्या आधीच झालेल्या नाशावर उभा आहे. उपशाखेने तो नाश प्रत्यक्ष दाखवावा, ही अपेक्षा रास्त होती. परंतु काळात मागे आलेला एक छोटा यांत्रिक रक्षक कथेचे वळणच बदलतो. चारही वीर वाचतात, आणि खेळ विजयात संपतो.

रचनेच्या दृष्टीने ही कृती पहिल्यापेक्षा एकसंध आहे. तिच्या रणभूमी मूळ कृतीतील त्याच दऱ्याखोऱ्यांच्या आहेत, आणि जे अवशेष म्हणून पाहिले ते नांदते पाहण्यात विलक्षण समाधान आहे. तरीही आस्वादात खोट राहते. तुळशीदासाच्या पोवाड्यात तानाजी पडणार, हे प्रत्येक श्रोत्याला ठाऊक असते. त्या जाणिवेमुळेच त्याच्या प्रत्येक वाराला वजन येते. शाहिराने ऐनवेळी तानाजीला वाचवले असते तर श्रोत्यांनी टाळ्या पिटल्या असत्या, परंतु पोवाडा पुन्हा ऐकला नसता. अद्वितीय वीराच्या ह्या खेळाला पराभवाचे वावडे आहे; कारण ज्याला जोड नाही तो हरणार कसा? ‘मुसोउ’ हे तत्त्व आणि करुणरस ह्यांचा विरोध येथे उघड झाला, आणि रचनाकारांनी तत्त्व राखून करुण सोडला. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एज ऑफ इम्प्रिझनमेंट’ने २०२३ च्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्ये सूचित झालेले प्राचीन युद्ध विषय म्हणून घेतले आहे. ज्याचा शेवट आधीच ठाऊक आहे अशा कथेकडे उपशाखा पुन्हा वळली, ह्यावरून हा प्रश्न मिटलेला नाही, एवढे दिसते.

५

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. ‘हायरूल वॉरियर्स’मधील आनंद संहाराचा नसून लयीचा, स्मृतीचा आणि असंमोहाचा आहे, म्हणून त्याला हीन ठरवून समीक्षेबाहेर ठेवता येणार नाही. मूळ मालेचा विस्मय त्यात नाही, हा दोष नव्हे. पोवाड्यात महाकाव्याचा विस्तार नाही, म्हणून तो उणा ठरत नाही. जेथे लय मजुरी होते, आणि जेथे विजयाच्या मोहाने मूळ कथेतील दुःख पुसले जाते, तेथे मात्र हा खेळ स्वतःच्याच सामग्रीशी अप्रामाणिक होतो. २०१४ ची कृती कथेच्या दृष्टीने दुबळी असूनही ह्या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे; तिने फक्त उत्सव मांडला आणि उत्सवापेक्षा अधिक काही देण्याचे वचन दिले नाही. २०२० च्या कृतीने शोकाचे वचन दिले आणि ते पाळले नाही. मराठी समीक्षेजवळ रस, लय आणि समाधी ह्यांच्या ज्या कल्पना आहेत, त्या ह्या नव्या वाङ्मयसदृश प्रकाराला लावून पाहताना अपुऱ्या पडल्या नाहीत. त्यांची अधिक कसोटी अन्य क्रीडामालांवर घेणे पुढील अभ्यासकांना शक्य आहे.