गुण कोणाच्या कोशातले?

व्यक्तिमत्त्वाचे गुणसिद्धान्त शिकविताना मी दरवर्षी एका जागी अडखळतो. ती जागा शब्दकोशाची आहे.

१९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वेबस्टरचा इंग्रजी कोश पुढ्यात घेऊन माणसामाणसांतील भेद सांगणारे १७,९५३ शब्द वेचले. गृहीत असे की, जो भेद महत्त्वाचा असतो त्याला भाषा नाव देतेच. त्यांतील स्थिर गुण सांगणाऱ्या सुमारे साडेचार हजार शब्दांपासून रेमंड कॅटेल यांनी सुरुवात केली आणि ते सोळा घटकांवर आणले. आज प्रचलित असलेले पाच घटकांचे प्रारूपही याच वाटेने आले. ही पद्धत काटेकोर आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न पद्धतीच्या आधीचा आहे. भाषेने नाव दिले म्हणजे नेमके कोणी दिले?

आता मराठी कोश उघडून पाहा. लबाड माणूस ‘भामटा’, निर्दय माणूस ‘चांडाळ’. नसत्या उठाठेवीला ‘चांभारचौकशी’, भेसळीच्या भाषेला ‘धेडगुजरी’. यांतला एकेक शब्द आधी जातीचे नाव होता, मग अवगुण झाला. भामटा हे नाव आजही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी सबंध जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली कायदा गेला. शब्द कोशात राहिला. ऑलपोर्ट-ओडबर्ट यांनी निंदास्तुतीचे शब्द वेगळ्या रकान्यात टाकले होते, हे मान्य. पण जिथे जातच गुण म्हणून बोलली जाते, तिथे रकाना बदलून काय साधणार?

त्याच १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ प्रसिद्ध झाले. गुणकर्मांवरून चार वर्ण पडतात, या समर्थनाची त्यात चिरफाड आहे. माणसांचे गुण इतके नानाविध असतात की त्यांना मोजक्या ठरीव वर्गांत कोंबणे हा माणसाकडे पाहण्याचा उथळ प्रकार होय, असे बाबासाहेब सांगतात; प्लेटोचे वर्गही त्यातून सुटत नाहीत. गुणसिद्धान्त वर्ग पाडीत नाही, प्रमाण मोजतो. तेवढ्यापुरता तो वर्णविचाराच्या पुढे आहे. परंतु वर्गात आणि मुलाखतीत त्या प्रमाणाचा पुन्हा शिक्काच होतो.

आमच्या तेल्हारा तालुक्यातल्या एका खेड्यातला विद्यार्थी वर्गात तोंड उघडत नसे. प्रात्यक्षिकात त्याची चाचणी झाली: अंतर्मुख, आत्मविश्वास कमी. १४ एप्रिलला त्याच्या गावी गेलो, तर हाच मुलगा विहारासमोर भरल्या सभेत अर्धा तास बोलला. मी विचारले तेव्हा म्हणाला, “सर, इथं माह्या बोलन्याले कोनी हासत नाई.” मुलगा तोच होता, ऐकणारे बदलले होते. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. शाळेत माझ्या नावापुढेही ‘बुजरा’ असा शेरा होता. हसणाऱ्यांविषयी मात्र कोणी शेरा लिहिला नव्हता.

गुणाचे मोजमाप आणि विशिष्ट प्रसंगातील वर्तन यांचा सहसंबंध क्वचितच ०.३० च्या वर जातो, असे वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली दाखविले. त्यावर गुणवाद्यांचे उत्तर असे की, अनेक प्रसंगांची सरासरी घ्या, मग गुण स्थिर दिसेल. दिसेलही. पण सरासरी कोणत्या प्रसंगांची? ज्याच्या वाट्याला अपमानाचेच प्रसंग अधिक आले, त्याची सरासरी स्वभावाची निघेल की अपमानाची? खुद्द ऑलपोर्ट यांनी १९५४ सालच्या ‘द नेचर ऑफ प्रेज्युडिस’ या ग्रंथात, पूर्वग्रहाचे बळी ठरलेल्यांत त्यापायी कोणते गुण उपजतात, यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. सिद्धान्ताच्या जनकाला जे दिसले, ते आपल्या शेऱ्यांत कधी उतरणार?

मोजपट्टी फेकून द्यावी, असे माझे म्हणणे नाही. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी एवढे तरी करावे: ‘अबोल’ असा शेरा लिहिताना, कोणापुढे अबोल, हेही त्याच ओळीत लिहावे.