'सुती' कशावरून? गोधडीवरच्या एका वाक्याची चिकित्सा

गोधडीवर चार ओळी लिहा असं तुम्हाला सांगितलं, तर पहिलं वाक्य बहुतेक हे येईल: गोधडी ही घरातल्या जुन्या सुती कापडाचे थर एकमेकांवर ठेवून हाताने शिवली जाते. लेखांमध्ये, प्रदर्शनातल्या पाट्यांवर, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हे वाक्य थोड्याफार फरकाने फिरत असतं. माझ्याही प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यात ते होतं. माझ्या मार्गदर्शकांनी 'सुती'भोवती पेन्सिलने गोल काढला आणि समासात एकच शब्द लिहिला: 'कशावरून?'

त्या शब्दाने माझे दोन महिने खाल्ले. म्हणून आज कुठल्याही पुस्तकाचं परीक्षण न करता या एका वाक्याचं करू या. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर असं एखादं वाक्य तुमच्याही विषयात बसलेलं असणारच.

वाक्यातले 'जुन्या' आणि 'हाताने' हे दोन शब्द लवकर उरकता येतात. देवपुरात मी ज्या घरांत गेले तिथे जुन्या साड्या-धोतरं आतल्या थरांत अजून जातात. पण वरचं कापड आणि अस्तर अनेकदा दुकानातून आणलेलं असतं, किंवा शिंप्याकडच्या आणि किलोवर मिळणाऱ्या चिंध्यांतून जुळवलेलं. काही ठिकाणी कडा मशीनवर मारतात आणि मधले धावदोरे हाताने घालतात. हे डोळ्यांना दिसतं, विचारलं की कळतं. 'सुती'चं तसं नाही. तो शब्द डोळ्यांना दिसल्यासारखा वाटतो, पण दिसत नाही.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते. एक गोधडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिवताना बघायची, नोंदवायची असं ठरलं होतं. शिवणाऱ्या मावशी देवपूरच्याच. कापड मी आणणार होते. पांझरा ओलांडून आग्रा रोडच्या बाजूच्या एका दुकानात गेले, ठाणं उलगडून घेतली, दोनदा विचारलं. "ताई, प्युअर कॉटन आहे, बिनधास्त न्या." बिलावरही 'कॉटन' लिहून घेतलं, कारण पुरावा पाहिजे ना! मावशींनी कापड हातात घेतलं, मुठीत दाबलं, सोडलं आणि म्हणाल्या, "बेटा, हाऊ कपडा सुती नही शे." मी त्यांना बिल दाखवलं. आता आठवलं तरी लाज वाटते. त्या हसल्या आणि शिवायला बसल्या. दुसऱ्या दिवशी थर एकमेकांवरून सरकत होते. अस्तर सुईबरोबर ओढलं जात होतं. मी एक धागा उसवून पेटवला तर तो आक्रसला, वितळला आणि टोकाला काळी कडक गोळी राहिली.

इथे 'दुकानदाराने फसवलं' म्हणून थांबणं सोपं आहे. पण बाजारात 'कॉटन' हा शब्द प्रत्येक वेळी रेशाचं नाव म्हणून वापरला जात नाही. तो कापडाच्या पोताचं, दिसण्याचं, वापराचंही नाव असतो. चकाकत नाही, इस्त्री बसते, उन्हाळ्यात घालतात ते 'कॉटन'. त्याच्या शेजारी 'कॉटन मिक्स', 'पीसी', 'टेरिकॉट' असे शब्द असतात आणि त्यांच्या सीमा दुकानागणिक हलतात. दुकानदाराचं विधान त्याच्या भाषेत कदाचित बरोबरच होतं. मी ते उचलून रसायनशास्त्राच्या रकान्यात टाकलं. चूक तिथे झाली.

धुळ्याचा नकाशा बघा म्हणजे हा घोळ कुठून येतो ते कळेल. खानदेश कापसाचा मुलूख, शेतात कापूस उभा. दक्षिणेला मुंबई-आग्रा रस्त्यावर मालेगाव, जिथल्या यंत्रमागांवर सुती आणि पॉलिस्टर-मिश्र असं दोन्ही कापड निघतं. पश्चिमेला सुरत, देशातलं कृत्रिम धाग्याच्या कापडाचं सगळ्यात मोठं केंद्र. हे दोन्ही रस्ते धुळ्यात भेटतात. तेव्हा कापूस आजूबाजूला पिकतो म्हणून दुकानातलं कापड सुती असेल, हा तर्क भूगोलाच्याच पुस्तकाने खोडून निघतो. तरी आपण तो करतो, आणि वर त्याला 'स्थानिक साधनसामग्री' असं भारदस्त नाव देतो.

मग छापील खूण बघावी का? वस्त्र आयुक्तांचे १९८८ चे ग्राहक संरक्षणाचे नियम आहेत. उत्पादकाने कापडावर रेशांचा तपशील द्यावा, मिश्रण असेल तर प्रमाण द्यावं, असं त्यांत आहे. तुम्ही दुकानात अख्खं ठाण बघणार असाल तर किनार आणि वरची घडी जरूर बघा. छापलेलं असेल तर फोटो काढा. पण खूण ठाणावर असते आणि गोधडी तुकड्यांतून होते. दोन मीटर कापून घेतलं की छापलेला भाग ठाणाबरोबर मागे राहू शकतो. चिंध्यांच्या पिशवीत तर खुणेचा प्रश्नच नाही. नियम ज्या टप्प्यावर बोलतो, तो टप्पा आपल्या विषयात येतच नाही.

दुसऱ्या खुणांबद्दलही गैरसमज आहेत. २००६ पासूनचा हँडलूम मार्क कापड हातमागावर विणलंय एवढं सांगतो. धागा कशाचा, हे नाही. खादीचंही तेच. खादी म्हणजे सुती असं धरून चालणाऱ्यांनी खादी भांडारात 'पॉलीवस्त्र' मागून बघावं. ते पॉलिस्टर-मिश्र कापड आहे आणि उघडपणे त्या नावानेच विकतात. सिल्क मार्क मात्र खरंच रेशावर बोलतो, पण आपल्याला गोधडीत त्याचा काय उपयोग!

आता जाळून बघण्याबद्दल. ही चाचणी सगळ्यांना ठाऊक असते. सुती धागा पटकन पेटतो, कागद जळल्यासारखा वास येतो, मऊ राख राहते. पॉलिस्टर साधारण २५०-२६० अंश सेल्सिअसला वितळतं, काळा धूर आणि गोडसर वास सोडतं, गोळी करतं. मी ही चाचणी केली आणि मला ती आवडली, म्हणून तिच्यावर जास्त कडक बोलते.

पहिली गोष्ट, ती कापडाच्या तुकड्यावर करू नका. उभा धागा वेगळा काढा, आडवा वेगळा. ताणा एका रेशाचा आणि बाणा दुसऱ्याचा असं कापड असू शकतं, आणि अख्खा तुकडा जाळला की दोन्हींचा काला होतो. दुसरी, एकाच धाग्यात दोन रेसे पिळलेले असतील तर चाचणी 'काहीतरी वितळणारं आहे' एवढंच सांगते. किती आहे ते सांगत नाही, आणि प्रमाण कमी असेल तर तेही नीट सांगत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. व्हिस्कोस सुतासारखंच जळतं, कारण दोन्ही मुळात सेल्युलोजच. म्हणजे कागदाचा वास आला म्हणून 'सुती' लिहिलंत, तर तुम्ही 'पॉलिस्टर दिसलं नाही' या निरीक्षणाला 'कापूस आहे' असं निष्कर्षाचं नाव दिलंत. (धागा चिमट्याने धरा, खाली पाण्याची थाळी ठेवा, ओढणी बांधून घ्या. वितळलेलं पॉलिस्टर कातडीला चिकटतं.)

पाण्याच्या थेंबाची चाचणीही सांगितली जाते: थेंब शोषला तर सुती, वर राहिला तर नाही. मांजरपाटावर करून बघा. कोऱ्या, न धुतलेल्या मांजरपाटात कापसाचं नैसर्गिक मेण आणि खळ असते, त्यामुळे थेंब वर बसून राहू शकतो. उलट पाणी शोषण्याची प्रक्रिया केलेलं पॉलिस्टर तो लगेच पिऊन टाकेल. अगोदर कापड गरम पाण्यात साबणाने धुवा, वाळवा, मग थेंब टाका. तरी त्या उत्तरावर प्रबंध उभा करू नका.

मावशींच्या हाताबद्दल लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्यांना कसं कळतं? त्या मुठीत दाबून घडी किती राहते ते बघतात. ओलं करून दोरीवर टाकतात आणि किती वेळात वाळतं ते बघतात. याला आधार आहे: प्रमाणित हवेत कापूस वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओल धरतो, पॉलिस्टर ०.४ टक्क्यांच्या आसपास. शिवाय सुई आत जाताना धागा 'धरतो' की 'सरकतो' हे त्या सांगतात, आणि हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात मला सापडलेलं नाही. इथपर्यंत आल्यावर 'पारंपरिक ज्ञान श्रेष्ठ' असं लिहून टाळ्या घेता आल्या असत्या. पण पुढच्याच आठवड्यात त्यांनी एका मऊ, झुळझुळीत फुलांच्या कापडाला ठामपणे सुती म्हटलं. मला शंका आली, कारण ओलं झाल्यावर त्याचा धागा चटकन तुटत होता आणि सुती धागा ओला झाला की उलट मजबूत होतो. महाविद्यालयातल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. कापसाचा रेसा पिळलेल्या फितीसारखा दिसतो. इथे पीळ नव्हता, सरळ रेसे आणि त्यांवर उभ्या रेघा. व्हिस्कोस असावं. (सूक्ष्मदर्शकही फसवतो बरं का. मर्सराइज केलेला कापूस फुगून गोलसर होतो आणि त्याचा पीळ बराचसा जातो.) मावशींचा हात कापूस आणि पॉलिस्टर यांतला फरक ओळखतो, सेल्युलोजच्या दोन भावंडांतला नाही. ही त्या हाताची मर्यादा, आणि जाळण्याच्या चाचणीचीही नेमकी तीच.

प्रमाण हवं असेल तर प्रयोगशाळा गाठावी लागते. आपल्याला जवळची म्हणजे सुरतेची मंत्रा, नाहीतर मुंबईला घाटकोपरची बीटीआरए. भारतीय मानक आयएस ६६७ रेसे ओळखण्याच्या पद्धतींचं आहे, आणि आयएसओ १८३३ ही मालिका मिश्रणाचं प्रमाण काढण्याची. कापूस-पॉलिस्टरसाठी ७५ टक्के सल्फ्युरिक आम्लात सेल्युलोज विरघळवतात, उरलेलं पॉलिस्टर धुऊन, वाळवून वजन करतात. हे घरी करायचं नाही, सांगायला नको. पण अहवाल वाचताना लक्षात घ्या: या पद्धतीत व्हिस्कोसही कापसाबरोबर विरघळतं. म्हणजे वेगळी ओळख-चाचणी झालेली नसेल, तर जे विरघळलं ते 'सेल्युलोज' आहे. त्याला 'कापूस' म्हणणारा शब्द कुणीतरी नंतर घातलेला असतो. शिक्का आहे म्हणून प्रश्न संपत नाही.

राजवाड्यांचं धुळं म्हणून आपण मिरवतो. ३१ डिसेंबर १९२६ ला ते इथेच वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे आहे. बखरींवर विसंबू नका, अस्सल कागद शोधा, हे त्यांनी बजावलं. माझं बिल अस्सलच होतं की! पण ते कशाचं अस्सल? अमुक तारखेला 'कॉटन' या नावाखाली कापड विकलं गेलं, याचं. बाजाराच्या भाषेवर मी प्रकरण लिहीत असते तर ते बिल म्हणजे सोनं होतं. रेशाबद्दल ते मुकं आहे.

म्हणून माझ्या तक्त्यातला 'कापडाचा प्रकार' हा रकाना मी मोडला. आता विकणारा काय म्हणतो, शिवणारी काय म्हणते, मी काय बघितलं आणि प्रयोगशाळा काय म्हणते, असे चार रकाने आहेत. तिसऱ्यात 'पॉलिस्टर' लिहायचं नाही. 'आडवा धागा वितळला, काळी गोळी' असं लिहायचं. चौथा बहुतेक ठिकाणी रिकामा आहे, कारण प्रत्येक तुकड्याची तपासणी विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाही. पूर्वी मी रिकामा रकाना दिसला की घाबरून 'सुती' भरून टाकायचे.

यात माझ्या प्रकरणाचा एक तुकडा गेला. 'जुन्या गोधड्या सुती, नव्या पॉलिस्टरच्या' असा छान चढता-उतरता आलेख मी मनात काढला होता. पॉलिस्टरचा धागा इंग्लंडमध्ये १९४१ ला शोधला गेला, तेव्हा त्याआधीच्या गोधडीत तो सापडणार नाही एवढं पक्कं. पण व्हिस्कोसचं पेटंट १८९२ चं आहे. म्हणजे आजीच्या काळातल्या गोधडीतली एखादी 'सुती' साडी कृत्रिम रेशमाची नसेलच असं मला म्हणता येत नाही. आणि ती तपासायची तर धागा काढावा लागतो. एका घरी आजींनी त्यांच्या आईच्या गोधडीचा फाटलेला कोपरा पुढे केला आणि विचारलं, किती धागे नेशील? दोन, म्हटलं. त्यांनी मोजून दोनच दिले. ते कागदाच्या पुडीत ठेवलेत, वर तारीख, थर आणि कोपरा लिहून. अजून पाठवलेले नाहीत.

मावशींची गोधडी पूर्ण झाली. मी आणलेलं अस्तर त्यांनी उसवलं नाही, आतल्या थरात घातलं आणि वर स्वतःची जुनी साडी लावली. नोंदीत त्या थरासमोर दोन्ही विधानं आहेत, दुकानदाराचं आणि त्यांचं. गोधडी सध्या त्यांच्या नातवाच्या अंगावर आहे. तो घामाने भिजून उठतो का, हे त्याच्या आईला विचारायचं राहिलंय.