बंदिवासाची तिथी

कारागृहात जन्मलेल्या वाङ्मयाचे परीक्षण करताना आमच्या टीकाकारांनी आजवर बहुधा दोनच कसोट्या वापरल्या आहेत. लेखकाचे धैर्य किती आणि त्याच्या शैलीचा कस किती, एवढे पाहिले की परीक्षण संपले. या कसोट्या खोट्या नव्हेत. परंतु त्या अपुऱ्या आहेत, असे आमचे मत आहे. आणखी एक कसोटी आहे, आणि कायद्याच्या अभ्यासामुळे ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. बंदीला कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोठे व कोणी धरले आणि त्याची सुटका कधी व्हावयाची, हे त्या लेखनावरून कळते काय? कसोटी दिसावयास रुक्ष आहे खरी. पण उघड कैद आणि गुप्त कैद यांतला सारा भेद तिच्यात साठवलेला आहे.

लोकमान्य टिळकांना २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात सहा वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा अन्यायाची होती, परंतु ती सर्वांदेखत सुनावली गेली. घरच्या माणसांना दिवस मोजता येत होते. मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले गेले त्यामागे लेखकाची बुद्धी तर होतीच. पण शिक्षेला आरंभ आणि शेवट आहे, ही निश्चितीही होती. गुप्त स्थानबद्धतेत माणसाकडून नेमकी हीच निश्चिती काढून घेतली जाते. भिंती दोन्हीकडे सारख्याच. तिथी मात्र एकीकडे असते, दुसरीकडे नसते.

आमच्या प्रदेशाला हा भेद शिकण्यासाठी दूर जावयास नको. जोयडा तालुक्यातील कॅसलरॉक हे एके काळी मुंबई प्रांताचे शेवटचे स्थानक; घाट उतरला की पोर्तुगीजांचे राज्य. या लोहमार्गावरील कुळे स्थानकात सप्टेंबर १९४६ च्या अखेरीस डॉ. राममनोहर लोहियांना अटक झाली व आग्वादच्या किल्ल्यात त्यांना एकांतात ठेवले गेले. अटकेची वार्ता लगोलग बाहेर आली, गांधीजींनी निषेध केला आणि ऑक्टोबरात लोहियांना हद्दपार करून सोडावे लागले. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची सजा दिली आणि पुढे पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. एकाचे नाव देशभर गाजत होते. दुसऱ्याला समुद्रापार नेल्यावर त्याच्याविषयी विचारणारे आवाज क्षीण झाले. किल्ल्याच्या जाडीपेक्षा बाहेरच्या माणसांना काय ठाऊक आहे यावर बंदीचे भवितव्य अधिक अवलंबून असते, हा या दोन प्रकरणांचा बोध होय.

मोहन रानडे यांचे ‘सतीचे वाण’ हे आत्मकथन मराठी वाचक शौर्यकथा म्हणून वाचतो. तसे वाचण्यात गैर काही नाही. परंतु या जीवनातील तिथी एकापुढे एक मांडून पाहाव्यात. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. सजा २६ वर्षांची. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. रानडे पोर्तुगालातील तुरुंगातून सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये! ज्या सत्तेविरुद्ध ते लढले ती गोव्यातून गेल्यावरही सात वर्षे त्यांचा बंदिवास चालूच राहिला. राष्ट्राचे पंचांग एक आणि कोठडीचे पंचांग दुसरे, असे हे विपरीत आहे. सालाझारच्या राजवटीत तर १९५६ च्या एका हुकुमान्वये राजकीय कैद्याची शिक्षा भरल्यावरही ‘सुरक्षेचा उपाय’ या नावाखाली त्याला डांबून ठेवता येई आणि ती मुदत पुनःपुन्हा वाढवता येई. तिथी जाहीर करावयाची आणि मग ती निरर्थक करून टाकावयाची, असा हा प्रकार. आमच्या टीकेने या बाजूकडे दुर्लक्ष केले, हा तिचा दोष आहे. वीराचे कौतुक करण्याच्या भरात त्याच्या वर्षांचा हिशेब मागावयाचा राहून गेला.

हा दोष परकीयांच्या राज्यापुरता आहे असे कोणी समजू नये. आणीबाणीत, १ मार्च १९७६ रोजी, कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून राजन नावाच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी नेले व कक्कयमच्या छावणीत ठेवले. पिता ईच्चर वारियर दारोदार विचारत राहिले. १९७७ मध्ये त्यांनी केरळ उच्च न्यायालयात अर्ज केला, तेव्हा त्याला अटक केलीच नव्हती असे सरकारने सांगितले. न्यायालयाने साक्षी ऐकून ते अमान्य केले; पुढे तो कोठडीतच मरण पावला हे सरकारला कबूल करावे लागले. आरंभाची नोंद नाही, म्हणून शेवटाचीही नोंद नाही. मुख्यमंत्री करुणाकरन यांना पद सोडावे लागले, पण पित्याच्या हाती मुलाचा देहसुद्धा आला नाही.

म्हणून अटकेचे टिपण हाही एक वाङ्मयप्रकार समजून वाचावा, अशी आमची सूचना आहे. घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाने प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याचे बंधन घातले. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अटकेची तारीख व वेळ लिहिलेले, साक्षीदाराच्या व बंदीच्या सहीचे टिपण आवश्यक ठरवले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६व्या कलमातही साक्षीदार आणि प्रतिसही या अटी आहेत. सक्तीने नाहीसे करण्याविरुद्धच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याचे सतरावे कलम गुप्त स्थानबद्धता सरसकट निषिद्ध ठरवते आणि लगेच नोंदवहीत काय काय लिहावे याची यादी देते. तारीख, वेळ आणि स्थळ तीत आरंभीच येतात. भारताने त्यावर २००७ मध्ये सही केली, पण अद्याप त्याला अनुसमर्थन दिलेले नाही.

एका दिवसाचे मोल काय, असे विचारणाऱ्याने कपिल वाधवान यांच्या खटल्यातील २०२३ चा निकाल वाचावा. कोठडीचा आदेश १४ मे २०२०चा. तो दिवस धरला तर साठावा दिवस १२ जुलै. सोडला तर १३ जुलै. १३ जुलैलाच एकीकडे जामिनाचा अर्ज झाला, दुसरीकडे तक्रारपत्र दाखल झाले. पहिला दिवस धरावयाचा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ठरवले. बालवर्गातील मोजणीचा प्रश्न, पण त्यावर माणसाचे स्वातंत्र्य टांगलेले!

आता ही मोजणी हातात मावणाऱ्या यंत्रांकडे चालली आहे. झडतीचे चित्रण मोबाईलवर होते, नोंदी टॅबवर होतात. यंत्र चुकत नाही, ही भोळी समजूत आहे. ३१ डिसेंबर २००८ रोजी झून या खिशातल्या संगीतयंत्राची एक जात ठिकठिकाणी एकदम बंद पडली. लीप वर्षाचा ३६६वा दिवस मोजणे तिच्या घड्याळाला जमले नव्हते. आणखी पाहा. पुष्कळ यंत्रे आतून जागतिक वेळ धरतात. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. वेळेचा विभाग चुकीचा लागला, तर पहाटे साडेपाचपूर्वीच्या अटकेवर आदल्या दिवसाची तारीख पडते. जोयड्याच्या जंगलपट्टीत जेथे मोबाईलचे जाळे पोचत नाही, तेथे यंत्राला वेळ तपासून घ्यावयासही कोणी नाही.

चूक होणे क्षम्य आहे. आमचा आक्षेप तिच्या मूक दुरुस्तीला आहे. जुन्या वहीत खोडलेला आकडा रेघेखाली वाचता येई आणि शेजारी खोडणाऱ्याची सही असे. पडद्यावर जुना आकडा नाहीसा होतो आणि नवा आकडा जन्मापासून तोच होता असा दिसतो. नव्या पुरावा अधिनियमाखालील प्रमाणपत्र न्यायालयात आलेली प्रत बदललेली नाही एवढे दाखवू शकेल; मुळात घड्याळ खरे होते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. छत्तिसावे कलमही दुरुस्तीविषयी मौन धरते. म्हणून दुरुस्ती केली तर मूळ नोंद कायम राहावी, दुरुस्त करणाऱ्याचे नाव, वेळ व कारण तिच्याखाली यावे, आणि पहिल्या टिपणाची कागदी प्रत त्याच क्षणी नातेवाइकाच्या हाती पडावी, एवढी आमची मागणी आहे.

त्या प्रतीची भाषाही पाहावयास हवी. जोयड्यात घरी कोंकणी, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड असा संसार चालतो. अटकेची कारणे बंदीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मिहिर शाह खटल्यात २०२५ मध्ये सांगितले आहे. न समजणाऱ्या कागदावरची सही ही संमती नव्हे. टिपणाची प्रत मागणे, ते समजेल अशा भाषेत वाचून घेणे, आणि माणूस कधी नेला ती वेळ आपल्या घरच्या भिंतीवरील पंचांगात त्याच दिवशी लिहून ठेवणे, एवढे तर कोणाही वाचकाला करता येईल. पुढे दोन नोंदी जुळल्या नाहीत, तर न्यायालयापुढे ठेवावयास निदान दुसरी नोंद हाती असेल.