‘आपण’ आणि ‘आम्ही’

ऐन दिवाळीत, चकलीचा डबा उघडा असताना, बर्फाच्या डोंगरावरचे पुस्तक वाचा म्हणून सांगणे हा जरा आगाऊपणाच. तेही सव्वाशे वर्षांपूर्वीचे, मुळात इटालियन. आणि मी ते इंग्रजीतून वाचले, मांडीवर शब्दकोश घेऊन, कारण माझे इंग्रजी मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. तरी राहवत नाही म्हणून लिहितो.

पुस्तक फिलिप्पो दे फिलिप्पी याचे. हा पेशाने डॉक्टर. आब्रुझ्झीचा ड्यूक लुईजी आमेदेओ याने १८९७ साली अलास्का आणि कॅनडा यांच्या सीमेवरचे सेंट एलायस शिखर प्रथम सर केले, त्या मोहिमेचा हा वृत्तांत. तो १९०० मध्ये निघाला. लिंडा व्हिलारी यांचे इंग्रजी भाषांतरही त्याच वर्षीचे.

शिखराची उंची ५,४८९ मीटर. हिमालयाचे आकडे ऐकून सरावलेल्या आपल्या कानांना ही काही विशेष वाटत नाही. एव्हरेस्टच्या दक्षिणेकडचा तळच जवळजवळ एवढ्या उंचीवर पडतो. पण इथे चढण मोजायची ती समुद्राच्या वाळूपासून. खारे पाणी शिखरापासून अवघ्या पंधरा-सोळा किलोमीटरांवर. समुद्रावरून येणारा ओला वारा डोंगरावर आपटतो आणि बर्फ टाकत राहतो. ते हिमनद्यांतून खाली सरकते आणि किनाऱ्याच्या सपाटीवर मैलोगणती पसरते. तीच मालास्पिना हिमनदी. तिच्या कडेला बर्फावर साचलेल्या दगडमातीत चक्क रान माजले आहे! असा हा डोंगर, माणसे मात्र समुद्राच्याच तोंडी देणारा. १८९१ मध्ये इझ्रेल रसेलची मोहीम किनाऱ्यावर उतरत असताना लाटांत होड्या उलटून सहाजण बुडाले. डोंगराला पायही लागला नव्हता.

प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मला आवडले नाही, हे कबूल करतो. मला शिखर हवे होते आणि लेखक मला ओझी दाखवत होता. धुके, पाऊस, बर्फ. ओझे पुढे नेऊन ठेवायचे, परत यायचे, दुसरे उचलायचे. न्यूटन हिमनदीच्या काही मैलांत तर जवळजवळ दोन आठवडे जातात, आणि दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून बर्फ कोसळत असते. कादंबरीकार म्हणून माझा हात शिवशिवला : यातली निम्मी पाने कापली असती तर! दुसऱ्या वाचनात कळले की पाने कापली असती तर डोंगरच कापला गेला असता. समुद्राकाठचा बर्फाचा डोंगर म्हणजे हा कंटाळाच. दे फिलिप्पीने तो लपवला नाही, ही त्याची सचोटी.

माझी तक्रार निराळीच आहे, आणि ती सुचवली माझ्या वर्गातल्या एका मुलाने. चौथीच्या मुलांना ही गोष्ट मी सांगत होतो. ड्यूकच्या सामानात लोखंडी खाटा होत्या आणि त्या मालास्पिनाच्या बर्फावरून वाहून नेल्या, हे ऐकून वर्ग खूप हसला. हा एकटा हसला नाही. त्याने विचारले, “गुरुजी, खाटा न्यायच्या होत्या तर त्यांवर निजलं कोण आणि नेल्या कोणी?”

नेल्या हमालांनी. सिॲटलहून घेतलेली त्यांची वेगळी तुकडी होती. लेखक मात्र सगळीकडे ‘वुई’ लिहून जातो. इंग्रजीत ते खपते. मराठीत खपत नाही. कारण आपल्याकडे ‘आपण’ निराळे आणि ‘आम्ही’ निराळे. समजा, हेच पुस्तक त्या खाट वाहणाऱ्या हमालाला समोर बसवून मराठीत वाचून दाखवायचे आहे. मालास्पिनावर म्हणावे लागेल, “आपण चाललो.” शिखरावर म्हणावे लागेल, “आम्ही पोचलो.” मग अधे कुठेतरी ‘आपण’ संपून ‘आम्ही’ सुरू होते. कोणत्या पानावर? कोणत्या तंबूपाशी? ते वाक्य मी शोधत बसलो. कादंबरीत मला ते वाक्य टाळता आले नसते. दे फिलिप्पीला ‘वुई’ने अलगद पलीकडे नेले आहे.

‘आम्ही’च्या आतही पायऱ्या आहेतच. ३१ जुलै १८९७ रोजी दहा इटालियन माथ्याशी आले. पुढे पायऱ्या खोदणारे वाटाडे पेतिगाक्स आणि माकिन्याझ बाजूला सरले आणि पहिले पाऊल ड्यूकला ठेवू दिले. पुस्तकात हे अदबीने येते. मला त्यात अदबीइतकाच थकवा दिसतो. इतक्या चढणीनंतर दोन पावले मागे राहणे सोपे नसावे. पण दहाही जण वर गेले, एकालाही मागे ठेवले नाही, हे ड्यूकच्या पदरी घातलेच पाहिजे. शिखर दुसऱ्यांदा सर व्हायला पुढे १९४६ साल उजाडावे लागले.

व्हित्तोरियो सेल्लाची छायाचित्रे पाहावीत. पुढे १८९९ मध्ये कांचनजंगेभोवती आणि १९०९ मध्ये याच ड्यूकबरोबर के-टूकडे गेला तोच हा सेल्ला. त्याच्या बर्फात माणूस तिळाएवढा. एवढ्या लांबून ड्यूक कोण आणि हमाल कोण ते ओळखता येत नाही. लेखणीला जे साधले नाही ते काचेच्या तबकडीला सहज साधले.

एक जागा मात्र लेखणीचीही आहे. हिमनदीवर मृगजळाने हवेत शहर उभे राहते, त्याचे वर्णन पुस्तकात येते, आणि ते पाहिलेल्या सिॲटलच्या एका माणसाची साक्ष लेखकाने नोंदवली आहे. हा सरदार नव्हे, शास्त्रज्ञ नव्हे. त्या एका परिच्छेदापुरते पुस्तक दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहते.

मुलांसाठी मी या पुस्तकाचा सारांश वहीत उतरवतो आहे. परतीचे प्रकरण राहिले आहे. तिथे सगळी मंडळी पुन्हा किनाऱ्यावर येतात. पहिल्या ओळीत मी ‘आम्ही’ लिहिले होते. ते खोडून ‘आपण’ केले. काल पुन्हा खोडले.